मीठ... चवीनुसार!

आमच्या ऑफिसात गेल्या वर्षी हेल्थ कॅम्प होता. टी-शर्ट फुकट, बीपी चेक-अपही फुकट. मी अर्थातच टी-शर्टसाठी गेलो. रांगेत टवाळक्या करत उभा होतो, हाताला पट्टा बांधला तरी जोक्स चालूच. समोरच्या सिस्टरने आकडा बघितला, पट्टा सोडला, म्हणाली, ‘पाच मिनिटं शांत बसा, परत बघू.’ पाच मिनिटांनी परत बघितलं. १४८/९६. वय वर्षं तेहतीस!

‘अहो, आज रिव्ह्यू आहे, टेन्शनमुळे असेल,’ असं मी तिला समजावून पाहिलं. दुसऱ्या आठवड्यात आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. तिथे ना रिव्ह्यू होता, ना बॉस. तरी १४६! डॉक्टर म्हणाले, ‘गोळी आत्ता लगेच नको. तीन महिने देतो तुम्हाला. वजन कमी करा, रोज चाला आणि मीठ निम्म्यावर आणा. मग बघू.’ आणि मग चष्म्यावरून बघत अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाले, ‘वडिलांना कितव्या वर्षी झाला होता हो अटॅक?’

चोपन्नाव्या. पॅरालिसिसचा. बाबांचा उजवा हात तेव्हापासून नीट चालत नाही. सही डाव्या हाताने करतात, बॅंकेत दर वेळी भांडण होतं. डॉक्टरांना हे सगळं माहीत होतं. तरी विचारलं.

तर मंडळी, घडाभर तेल नमनाला गेलं. आता मिठाकडे वळू या.

आधी मला वाटलं, यात काय एवढं? गोड सोडणारे लोक असतात, भात सोडणारे असतात, माझ्या टीममधल्या एकाने तर गहू सोडलाय आणि तो दिवसातून चार वेळा ते आपल्याला सांगतो. त्या मानाने मीठ म्हणजे किरकोळ मामला. जेवताना वरून घ्यायचं नाही, लोणचं-पापड बंद, झालं काम. पण मुलुंडहून विक्रोळीला जाताना मी रोज हायवेवरून भांडुपची मिठागरं बघतो आणि मला पहिल्यांदाच जाणवलं की त्यातलं अर्धंअधिक बहुतेक माझ्याच पोटात गेलंय!

हिशेब सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे सपाट एक चमचा, तोही चहाचा. त्यात सोडियम असतं साधारण २००० मिलिग्रॅम. पाकिटांच्या मागे ‘मीठ’ लिहिलेलं नसतं, ‘सोडियम’ लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं. एका रविवारी मी आणि बायको स्वयंपाकघरात भिंग घेऊन बसलो (अतिशयोक्ती नाही, ती अक्षरं तेवढीच असतात). झटपट नूडल्सच्या एका पाकिटात दिवसाच्या कोट्यातला जवळजवळ निम्मा भाग! सूपचं पाकीट, सॉस, बिस्किटं... अगदी गोड बिस्किटंसुद्धा. आलं-लसणाच्या तयार पेस्टमध्ये मीठ. पावभाजी मसाल्यात मीठ. चाट मसाल्यात तर मीठही आणि काळं मीठही. पावात मीठ असतं याचा विचार मी जन्मात कधी केला नव्हता. आणि खायचा सोडा! त्याचं नावच मुळी सोडियम बायकार्बोनेट. एका चमचा सोड्यात सव्वा ग्रॅमच्या आसपास सोडियम. ढोकळा फुगतो आणि त्याच्याबरोबर आपणही.

आता माझा एक साधा दिवस बघा. सकाळी कॅण्टीनची इडली, सांबार, चटणी. दुपारी डबा, त्यात आईने दिलेलं लोणचं. चार वाजता वडापाव, म्हणजे पावात मीठ, वड्यात मीठ, सुक्या चटणीत मीठ आणि वर ती खारवलेली तळलेली मिरची! रात्री उशीर झाला की ऍपवरून चायनीज. सोया सॉस म्हणजे तर द्रवरूप मिठागरच. आणि एवढं सगळं करून मी छातीठोकपणे सांगत होतो की, मी वरून मीठ घेत नाही हो!

सैंधवाचं विचाराल तर त्यावर आमच्याकडे चांगलंच महाभारत झालं. ‘ते उपासाचं असतं, चालतं,’ इति आई. गुलाबी हिमालयन मीठ आमच्या सोसायटीत घरोघरी आलंय. रंग छान आहे, किंमत त्याहून छान आहे, पण आत बहुतांश तेच सोडियम क्लोराइड. शिवाय साध्या पाकिटातल्या मिठात आयोडीन घातलेलं असतं, ते यात बहुधा नसतं. म्हणजे पैसे जास्त, आयोडीन गायब आणि बीपी जिथल्या तिथे.

कमी सोडियमचं मीठ मात्र खरी गोष्ट आहे. त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. चीनमधल्या ६०० खेड्यांत जवळपास २१ हजार माणसांवर याचा मोठा अभ्यास झाला, २०२१ साली तो प्रसिद्ध झाला. ७५ टक्के नेहमीचं मीठ आणि २५ टक्के पोटॅशियमचं, असं मिश्रण वापरणाऱ्या गावांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी निघालं. ही माणसं बहुतेक साठीच्या पुढची किंवा आधी अटॅक येऊन गेलेली आणि बीपी वाढलेली होती. वाचून मी लगेच ऑर्डर करायला निघालो होतो. पण थांबा! किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील, तर अंगात पोटॅशियम साठून भलतंच व्हायचं. बाबांच्या गोळ्या त्यातल्याच निघाल्या. तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बाटली घरात आणू नका, प्लीज. आम्ही आणली नाही.

म्हणजे उरलं काय? कमी मिठात चवीचं जेवण करायचं. आणि इथे खरी गंमत सुरू झाली.

पहिला प्रयोग पिठल्याचा. मीठ सरळ निम्मं केलं, बाकी सगळं नेहमीसारखं. बायकोने एक घास खाल्ला आणि म्हणाली, ‘पोस्टर कुठे चिकटवायचंय?’ तिची चूक नव्हती. आपल्या रेसिपीतून मीठ नुसतं काढून घेतलं की मागे जे उरतं ते आजाऱ्याचं जेवण असतं. काढलेल्या मिठाच्या जागी दुसरं काहीतरी उभं करावं लागतं, हे कळायला मला तीन पिठली लागली. चौथ्या पिठल्यात पाण्याऐवजी आंबट ताकात बेसन कालवलं (ताक घरचं, बिनमिठाचं. पाकिटातलं मसाला ताक आणाल तर सगळं मुसळ केरात!). फोडणीत दुप्पट लसूण, तोही चांगला लालसर होईपर्यंत. कांदा भरपूर, हिरवी मिरची, हिंग. आणि मीठ शिजताना घातलंच नाही. गॅस बंद केल्यावर वरून चिमटीने भुरभुरवलं आणि कोथिंबीर. शिजताना घातलेलं मीठ पदार्थाच्या पोटात जाऊन बसतं, वरचं मीठ थेट जिभेला भेटतं. म्हणून थोड्यात भागतं. त्या दिवशी पातेलं पुसून खाल्लं गेलं. भाकरीत मीठ नव्हतंच, पण भाकरीत ते कुणाला हवं असतं?

तेव्हापासून माझे तीन मित्र ठरले. आंबट, खमंग आणि ताजं. लिंबू, चिंच, कैरी, आमचूर हे मिठाची उणीव बऱ्यापैकी झाकतात. (कोकम वापरत असाल तर सांभाळून. आगळात भरपूर मीठ असतं आणि आमसुलांनाही बऱ्याचदा मीठ लावलेलं असतं. मी ती धुऊन घेतो.) खमंग म्हणजे भाजलेले तीळ, दाण्याचं कूट, सुकं खोबरं, जिरं. म्हणून भरली वांगी हा कमी मीठवाल्यांचा राष्ट्रीय पदार्थ व्हायला हरकत नाही. त्यात कूट आहे, तीळ आहेत, खोबरं आहे, चिंच आहे, गूळ आहे. मीठ निम्मं केलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. मी आमच्या टीमला डब्यातून खाऊ घातली, एकानेही हूं की चूं केलं नाही. उलट डबा रिकामा करून दिला, तोही न धुता.

लोणच्याची गोष्ट वेगळी. तिथे मीठ चवीला नसतंच फक्त, ते राखणदार असतं. मीठ कमी केलं तर बरणीत आठ दिवसांत बुरशी. त्यामुळे वर्षाचं लोणचं कमी मिठात होत नाही, प्रयत्नही करू नका. त्याऐवजी तात्पुरतं करा. एका कैरीच्या बारीक फोडी, मोहरीची डाळ, चिमूटभर मेथी, तिखट, वरून हिंग-मोहरीची गार केलेली फोडणी आणि नखभर मीठ. फ्रीजमध्ये ठेवायचं आणि तीन-चार दिवसांत संपवायचं. संपतंच.

बटाटावड्यापाशी मात्र मी हरलो. आत आलं, लसूण, मिरची, लिंबू सढळ हाताने घालून मीठ कमी करता येतं. सोडा न घालता पिठात कडकडीत तेलाचं मोहन घालता येतं. इथपर्यंत ठीक. पण मग मला हौस आली आणि मी तो आप्पेपात्रात केला. मित्रहो, आप्पेपात्रातला वडा हा वडा नव्हे. ते बटाट्याचं औषध आहे. माझं स्पष्ट मत असं की काही पदार्थांना सुधारायला जाऊ नये. महिन्यातून एकदा खरा वडापाव खावा, गाडीवरचा, गरम, आणि त्या दिवशी घरच्या जेवणात मीठ जवळजवळ शून्य ठेवावं. रोज खोटा खाण्यापेक्षा हे बरं.

आणि ‘मीठ चवीनुसार’! प्रत्येक रेसिपीच्या शेवटी असलेले हे दोन शब्द कुणी लिहिले असतील, त्यांच्याशी मला एकदा बोलायचंय. कुणाच्या चवीनुसार? ज्याची जीभ तीस वर्षं चिवड्यावर पोसलीय त्याच्या? आमच्या घरी हे शब्द आता रद्द. बाबांच्या जुन्या कॅमेऱ्याच्या रोलची एक काळी डबी सापडली. (पंचविशीतल्या वाचकांनी रोल म्हणजे काय ते घरी विचारावं.) तिच्यात रोज सकाळी सपाट एक चमचा मीठ भरायचं, दोघांचं, दिवसभराचं. माणशी साधारण तीन ग्रॅम, कारण उरलेला कोटा पाव, बिस्किटं आणि बाहेरचं खाणं न विचारता घेऊन जातंच. डबी संपली की संपली. पहिल्या आठवड्यात दुपारी दोनलाच ठणठणाट व्हायचा. आता कधीकधी रात्री उरतं.

जिभेचं म्हणाल, तर पहिले पंधरा दिवस भयंकर जातात. कशालाच चव नाही, सगळ्यांचा राग येतो. मग हळूहळू काहीतरी बदलतं. दोन-अडीच महिन्यांनी मी एका लग्नात नेहमीची पनीरची भाजी खाल्ली आणि चक्क खारट लागली. बाजूचे सगळे मिटक्या मारत होते. मला वाटलं, आचाऱ्याने दोनदा घातलं असणार. बायको म्हणाली, ‘नाही रे, तूच बदललास.’

आता आईबद्दल. आई डोंबिवलीला राहते, बाबांबरोबर. तिला जेव्हा सांगितलं की, तुझ्या कांदा-लसूण मसाल्यात मीठ असतं म्हणून मी तो वापरत नाही, तेव्हा तिने फोनवर आधी मोठा पॉज घेतला. मग म्हणाली, ‘म्हणजे आता माझ्या हातचं चालत नाही.’ अगं आई, तसं नाही गं... पण तसंच होतं तिच्या लेखी. आपल्या ताटात सगळ्यात आधी वाढलं जातं ते मीठ. त्यालाच नको म्हणणं म्हणजे वाढणारीला नको म्हणण्यासारखं.

आणि त्याहून जुनी एक गोष्ट होती. बाबा हॉस्पिटलातून घरी आले तेव्हा आईने त्यांच्यासाठी वेगळं छोटं पातेलं काढलं होतं. त्यांची आमटी, भाजी अळणी, आमची नेहमीची. ती बिचारी रोज दोन-दोन स्वयंपाक करायची. बाबा आमच्याआधी एकटे जेवून घ्यायचे. आमच्या ताटाकडे बघायला नको म्हणून, असं तेव्हा मला कळलं नव्हतं. मी विशीत होतो, मॅच बघत दही-खिचडीवर पापड चुरून खायचो. एकदा रात्री पाणी प्यायला उठलो तर अंधारात बाबा लोणच्याची बरणी डाव्या हाताने उघडायचा प्रयत्न करत होते. झाकण निघत नव्हतं. मला बघून म्हणाले, ‘काही नाही, पाणी प्यायला आलो होतो.’ मी काहीच बोललो नाही, जाऊन झोपलो. पुढे ते वेगळं पातेलं कधी बंद झालं ते कुणालाच आठवत नाही. बाबा आमच्यातलंच जेवायला लागले आणि सगळ्यांना बरंच वाटलं, आईलाही. बीपी तेवढं गोळ्यांच्या जोरावर कसंबसं रेटलं जातं.

माझ्या डोक्यात म्हणून मिसळ होती. बाबांची मिसळ! रविवारी सकाळी ते स्वतः जाऊन डब्यातून कट आणायचे, वर तवंग, वेगळ्या पुडीत फरसाण. त्यांना पुढ्यात ठेवून म्हणता येईल की हे वेगळं पातेलं नाही, सगळ्यांसाठी हेच आहे, अशी मिसळ मला करायची होती.

पाच रविवार गेले. मोड आलेली मटकी सोपी आहे, ती हळद-हिंगावर नुसती वाफवली तरी गोड लागते. खरा प्रश्न कटाचा. कांदा आणि सुकं खोबरं अगदी काळपट होईपर्यंत भाजलं, त्यात तीळ, धने, आलं, लसूण. रंगाला बेडगी मिरचीचं तिखट. चिंचेचा कोळ नेहमीपेक्षा जास्त. मीठ चार जणांच्या कटाला मिळून सपाट अर्धा चमचा, तेही उकळी थांबल्यावर. फरसाणाचं काय? ते तर मिठाचं पोतं. मग पातळ पोहे कोरडेच कुरकुरीत भाजले, त्यात शेंगदाणे, कढीलिंब, हळद, आमचूर, मीठ शून्य. त्यांचा थर खाली. आणि अगदी वर, दिसेल असं, एकच चमचा खरंखुरं बाजारचं फरसाण. पहिल्या घासाला जिभेला तेच लागतं आणि बिचारी पुढचे आठ घास त्याच भ्रमात खाते. पाव माणशी एकच. बाकी कांदा, कोथिंबीर, लिंबू हवं तेवढं.

एकच गोष्ट जमत नव्हती. कटाला तो खोल झणका येत नव्हता. म्हणून शेवटी डोंबिवलीला फोन लावला. ‘आई, तुझा मसाला बिनमिठाचा करता येईल का गं?’ ‘जाळी धरेल,’ ती म्हणाली. म्हटलं, थोडाच कर, फ्रीजमध्ये ठेवू. काही बोलली नाही. दहा दिवसांनी दोघं आमच्याकडे आले तेव्हा पिशवीत कॉफीची छोटी बाटली होती. वर चिकटपट्टी लावून पेनाने लिहिलं होतं, ‘बि. मी.’ तिने आणखी एक बाटली स्वतःच्या घरी ठेवली होती, हे मला बायकोकडून नंतर कळलं.

दरम्यान माझे तीन महिने झाले होते. डॉक्टरांकडे १३२/८४. खूश होऊ नका एवढे, ते म्हणाले, वजन चार किलो उतरलंय आणि रोज चालताय, सगळं श्रेय मिठाला देऊ नका. गोळी अजून तीन महिने पुढे ढकलली. कमी झालेलं बीपी बघून कुणी आपली चालू गोळी मनानेच बंद करू नये, हेही त्यांनी बजावलं. तेव्हा तुम्हालाही बजावतो.

त्या रविवारी चार वाट्या, चौघांसमोर एकाच पातेल्यातल्या. टेबलावर मिठाची डबी मुद्दाम ठेवली नव्हती. बाबांनी सवयीने डावा हात पुढे केला, टेबलावर थोडा शोधला, मग पाव मोडला. पहिला घास. दुसरा. आई त्यांच्याकडे बघत नव्हती, म्हणजे पूर्ण लक्ष देऊन बघत नव्हती. बाबांनी कट नुसता चमच्याने पिऊन पाहिला, माझ्याकडे बघितलं.

‘लिंबू दे जरा,’ ते म्हणाले. मग वाटीत डोकावत, ‘आणि हे फरसाण एवढंच आणलंस की काय?’